शेलमधला जीवाश्म आणि बिननावाचा कारागीर

कोट्यवधी वर्षांपूर्वीचा एखादा प्राणी दगडात सापडला म्हणजे वृत्तपत्रांतून दोन दिवस त्याची वार्ता गाजते, शोध लावणाऱ्या प्राध्यापकमहाशयांचे हातोडीसह छायाचित्र छापून येते, त्या प्राण्याला कोणते लॅटिन नाव दिले आणि ते कोणाच्या सन्मानार्थ दिले याचीही चवकशी होते. परंतु तो प्राणी दगडातून बाहेर आला कसा, कोणी काढला, काढताना त्याचे किती अंग शाबूत राहिले आणि किती धुळीस मिळाले, हे विचारावे असे कोणाच्या मनात येत नाही. फणस झाडावरून उतरवणाऱ्याचे कौतुक साऱ्या वाडीत होते, पण गरे अखंड निघतात ते हाताला तेल लावून पडवीत बसलेल्या कोणा सवड असलेल्या माणसामुळे. जीवाश्मविद्येत आपण आजवर सगळा मान झाडावर चढणाऱ्यालाच देत आलो आहोत, आणि त्याची फार मोठी किंमत त्या विद्येला मोजावी लागली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत ज्या खडकाच्या बाबतीत सर्वाधिक खरे ठरते तो खडक म्हणजे शेल.

शेल हा मुळात चिखलच. शांत पाण्याच्या तळाशी अत्यंत बारीक गाळ थरावर थर बसत गेला, वरच्या भाराखाली दबत गेला, चिकणमातीचे चपटे कण त्या दाबाने एकाच दिशेला आडवे झाले, आणि म्हणून हा दगड पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. गाळ इतका बारीक आणि पाणी इतके निश्चल होते म्हणूनच पानाची शीर न् शीर, किड्याचा पाय, माशाचा खवला त्यात उमटून राहिला. वालुकाश्मासारख्या भरड खडकाला हे साधत नाही. परंतु ज्या गुणामुळे हा खडक इतका उत्तम नोंदवहीकार ठरला, त्याच गुणामुळे तो हाताळण्यास अत्यंत नाजूक झाला आहे. त्याचा पापुद्रा सुटतो तो बहुधा नेमका जीवाश्माच्या जागीच, कारण दबून सपाट झालेले ते शरीर हाच त्या थरांमधला सर्वांत दुर्बल सांधा असतो. घाव पडताच प्राण्याचे एक अंग एका फरशीवर आणि दुसरे अंग दुसऱ्या फरशीवर जाते. नवख्या माणसाला वाटते की आपल्याला एकाच वस्तूच्या दोन प्रती मिळाल्या; वस्तुतः एकाच ऐवजाची ती वाटणी झालेली असते, आणि एक हिस्सा हरवला की दुसऱ्याचा दस्तऐवज कायमचा अपुरा राहतो.

जर्मनीत डार्मश्टाट शहराजवळ मेसेल नावाचे गाव आहे, आणि त्या गावाबाहेर एक प्रचंड खड्डा आहे, ज्याची कहाणी या विषयात सर्वांत बोधप्रद आहे. सुमारे ४ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या स्फोटाने पडलेल्या विवरात पाणी साठून तेथे खोल तळे झाले. तळाशी प्राणवायू नव्हता, त्यामुळे तेथे जाऊन पडलेले कलेवर खाण्यास कोणी जिवंत नव्हते, आणि त्यावर हळूहळू काळा तेलकट गाळ बसत गेला. त्या गाळाच्या शेलमधून आज ज्या वस्तू निघाल्या आहेत त्यांची नुसती यादी वाचली तरी माणूस थक्क होतो : पोटात पिलू असलेली कुत्र्याएवढी घोडी, जठरात पतंगांच्या पंखांवरचे खवले राहिलेली वटवाघळे, समागमाच्या अवस्थेतच बुडालेली कासवांची जोडपी, आणि अजूनही निळ्याहिरव्या रंगाने चमकणारे भुंगे. या खड्ड्यातून १९७१ पर्यंत तेलासाठी शेल खणून काढला जात होता. खाण बंद पडल्यावर तेथे शहरांचा केरकचरा भरावा अशी सरकारी तजवीज झाली, आणि ती तजवीज हाणून पाडण्यासाठी गावकऱ्यांना व शास्त्रज्ञांना जवळजवळ वीस वर्षे झगडावे लागले. अखेर १९९१ मध्ये हेसन राज्याने ती जागा विकत घेतली आणि १९९५ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाची सनद दिली. जगातल्या अत्यंत संपन्न जीवाश्मभांडारावर खरकटे आणि फाटक्या गाद्यागिरद्या टाकण्याचा हुकूम एका सुशिक्षित देशाच्या दफ्तरातून निघू शकतो, हे आपल्याकडील नगरपालिकांवर नित्य रागावणाऱ्या वाचकांनी थोडे समाधान म्हणून ध्यानात ठेवायला हरकत नाही.

पण जागा वाचली म्हणजे जीवाश्म वाचला असे नव्हे. मेसेलच्या शेलमध्ये सुमारे ४० टक्के पाणी असते. खड्ड्यातून फरशी काढून उन्हात ठेवली की ते पाणी उडू लागते, फरशीला भेगा पडतात, पापुद्रे कागदासारखे वळून उचलले जातात, आणि त्यांच्याबरोबर आतल्या प्राण्याची हाडेही तुकड्यातुकड्यांनी सुटून पडतात. जी गोष्ट कोट्यवधी वर्षे टिकली ती काही दिवसांत नाहीशी होते. जुन्या काळी काढलेले कितीतरी नमुने असेच गेले. यावर जो उपाय निघाला, आणि जो वॉल्टर क्यूने या जर्मन जीवाश्मतज्ज्ञाने १९६०च्या दशकाच्या प्रारंभी मेसेलसाठी पुढे आणला, तो इतका साधा आणि तरीही इतका कष्टाचा आहे की तो जरा सावकाश सांगितला पाहिजे.

फरशी खड्ड्यातून निघताक्षणी ओल्या कागदात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळतात, आणि पुढचे सारे दिवस ती ओलीच ठेवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बसून एक माणूस सुईने व धारदार पात्याने हाडांवरचा शेल कणाकणाने काढू लागतो, अधूनमधून पाणी शिंपडतो, पुन्हा काढतो. प्राण्याची एक बाजू पूर्ण उघडी झाली की तिच्याभोवती मातीचा बांध घालतात, हाडांचा पृष्ठभाग तेवढा बेताने कोरडा करतात, आणि त्यावर पातळ पारदर्शक राळ, म्हणजे इपॉक्सी, ओततात. राळ हाडांच्या बारीक छिद्रांत शिरून घट्ट होते. मग सारी फरशी उलटी करायची, आणि मागच्या बाजूने शेल पापुद्र्यापापुद्र्याने खरवडून पूर्णपणे काढून टाकायचा. खरवडता खरवडता त्या प्राण्याची दुसरी बाजू वर येते. शेवटी मूळ दगड यत्किंचितही उरत नाही आणि सांगाडा मात्र मधाच्या रंगाच्या तक्त्यात, प्रत्येक हाड जागच्या जागी, बसलेला राहतो. त्वचेची आणि केसांची जी काळसर छाया जिवाणूंच्या थराने उमटवलेली असते, तीही कारागीर जाणता असेल तर राळेबरोबर वर येते. एका लहानशा प्राण्यालाही या कामात आठवडेच्या आठवडे जातात. पाने आणि कीटक यांना ही रीत मानवत नाही, म्हणून ते ग्लिसरीनमध्ये बुडवून ठेवतात आणि ते कधीही सुकू नयेत याचा कायमचा बंदोबस्त करतात. म्हणजे एखाद्या पानाची जबाबदारी घेणे म्हणजे ती पिढ्यानपिढ्या घेणे.

आता या कामातली चूक किती महाग पडते, ते पाहण्यासाठी मेसेलच्याच सर्वांत गाजलेल्या रहिवाशाकडे वळावे. १९८३ मध्ये एका खाजगी संग्राहकाने येथून एका लहान माकडवर्गीय मादीचा जीवाश्म काढला. फरशी फुटून तिचे दोन भाग झाले. अधिक पूर्ण असा भाग राळेत उतरवून वीसहून अधिक वर्षे त्याच्या घरात राहिला. दुसऱ्या भागाची मात्र विक्रीसाठी डागडुजी झाली, त्यातले उणे असलेले अवयव बनावट घडवून भरण्यात आले, आणि तो भाग अमेरिकेतील वायोमिंग राज्याच्या एका संग्रहालयात जाऊन पोहोचला. एकाच देहाचे दोन हिस्से दोन खंडांत, एक खरा आणि एक अंशतः खोटा! पुढे तो खोटेपणा तज्ज्ञांनी ओळखला. पहिला भाग २००७ मध्ये ऑस्लोच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाने विकत घेतला, आणि २००९च्या मे महिन्यात ‘डार्विनियस मासिले’ या नावाने, ‘इडा’ या लाडक्या नावाने, तो जगापुढे आला. मानवाच्या वंशावळीतला हरवलेला दुवा सापडला अशी तेव्हा दवंडी पिटण्यात आली. त्याच वर्षी इतर अभ्यासकांनी ती मादी लेमूरांच्या गोतातली असल्याचे दाखवून ती दवंडी बरीचशी फोल ठरवली. पण दवंडी फोल ठरली तरी तो जीवाश्म फोल ठरला नाही, हे महत्त्वाचे आहे. तिच्या पोटातली पाने व फळे, तिचे मोडून पुन्हा भरत आलेले मनगट, तिचे अजून न पडलेले दुधाचे दात, हे सारे वाचता आले ते ज्याने तिला शेलमधून सोडवले त्याच्या हातामुळे. आणि जे वाचता आले नाही, ते ज्याने तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागात नफ्यासाठी हात घातला त्याच्यामुळे.

कोणी म्हणेल, ही बाजारू संग्राहकांची गोष्ट झाली, विद्वानांच्या हाती असे घडत नाही. विद्वानांच्या हाती वेगळे घडते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील बर्जेस शेलचा शोध १९०९ मध्ये चार्ल्स वॉलकॉट यांनी लावला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे ते सचिव होते, आणि १९२७ मध्ये त्यांना मृत्यू आला तोवर त्यांनी सुमारे ६५,००० नमुने गोळा करून नेले होते. पन्नास कोटी वर्षांहून जुने असे ते मऊ देहाचे प्राणी. परंतु संस्थेचा कारभार, समित्या, पत्रव्यवहार यांतून त्यांना सवड ती किती मिळणार? नमुन्यांचे वर्णन झाले ते वरवरचे, आणि खण भरून राहिले ते राहिलेच. अर्ध्या शतकानंतर केंब्रिजचे हॅरी व्हिटिंग्टन यांनी ते खण पुन्हा उघडले, आणि दंतवैद्याच्या कोरणीसारखे बारीक हत्यार घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ते प्राणी थराथराने कोरू लागले. पसरट डाग म्हणून जे पाहिले जात होते त्याला खोली आहे, एका अवयवाखाली दुसरा अवयव दडलेला आहे, हे त्या कोरणीने दाखवून दिले. त्यांपैकी ‘ओपाबिनिया’ नावाच्या प्राण्याच्या डोक्याखाली पाय असतील म्हणून त्यांनी कोरले तर पाय नव्हतेच, होते ते पाच डोळे आणि पुढे एक लांब सोंड. १९७२ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत त्यांनी ते चित्र दाखवले तेव्हा श्रोते मोठ्याने हसले. आणखी एक नमुना असाच साफ करताना, एक कोळंबी आणि एक जेलीफिश म्हणून तोवर नोंदलेले दोन स्वतंत्र ‘प्राणी’ हे एकाच मोठ्या भक्षकाची नांगी आणि तोंड असल्याचे उघड झाले. पन्नास वर्षे सारे पुरावे कपाटात होते. नव्हता तो फक्त सुई हाती घेऊन महिनोन् महिने बसणारा माणूस.

दक्षिण जर्मनीतील होल्ट्समाडेनच्या बेर्नहार्ड हाउफ यांचे उदाहरण तर याच्याही आधीचे आहे. इक्थिओसॉर या सागरी सरीसृपाच्या पाठीवर पर असतो हे कोणाला ठाऊक नव्हते, कारण त्या परात हाडच नाही. हाउफ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात काळ्या शेलमधले सांगाडे सोडवताना हाडांशी थांबण्याची घाई केली नाही, भोवतालची काळपट सावलीही राखली, आणि पाठीवरचा पर प्रथमच दिसला. नुसती हाडे स्वच्छ घासूनपुसून काढणाऱ्या हाताने तो घाण समजून झाडून टाकला असता.

क्ष-किरणांच्या यंत्रांनी दगड न फोडताच आतले सारे दिसते, मग हे हस्तकौशल्य कशाला, असा आक्षेप आता ऐकू येतो. यंत्रांची थोरवी मला मान्य आहे. इडाचाही अभ्यास क्ष-किरणांनी झाला. पण सुकत चाललेली फरशी यंत्राखाली ठेवली म्हणून सुकायची थांबत नाही, आणि फरशीवर सपाट दबलेले पान वा किडा यंत्राला दिसतो तो पुष्कळदा पुसटच. यंत्र पाहते, जतन करीत नाही. शिवाय प्रत्येक शेलचा स्वभाव निराळा : मेसेलचा ओला ठेवावा लागतो, तर ज्यात पायराइट म्हणजे लोहमाक्षिक भरलेले आहे असा काळा शेल दमट हवेत ठेवला की त्या पायराइटपासून गंधकाम्ल तयार होऊन पांढरी भुकटी पडते आणि कपाटातल्या कपाटात नमुना खलास होतो. कोणता दगड काय मागतो हे ओळखणे, हीच ती विद्या.

या विद्येचे प्राथमिक नियम शाळेच्या सहलीवर निघालेल्या मुलालाही सांगता येण्यासारखे आहेत. शेलवर आडवातिडवा घाव घालू नये. रुंद, पातळ पाते थराच्या कडेला लावून हलक्या ठोक्यांनी चहूबाजूंनी थोडे थोडे सैल करावे. काही दिसले की तेथेच उकरण्याचा मोह आवरून भोवतालचा भरपूर दगड ठेवूनच तुकडा काढावा. फुटला तर दोन्ही भागांवर एकच क्रमांक घालून ते वेगवेगळ्या कागदांत गुंडाळावे, आणि पडलेली चूरसुद्धा पुडीत बांधून त्याच क्रमांकाने ठेवावी. नमुना धुऊ नये. सुताराचा पांढरा गोंद कदापि लावू नये, कारण त्यातल्या पाण्याने चिकणमाती फुगते आणि तो पुढे सुखासुखी काढता येत नाही. संग्रहालयांतून पॅरालॉइड नावाची राळ ॲसिटोनमध्ये अगदी पातळ करून वापरतात, ती वाटेल तेव्हा पुन्हा विरघळवता येते. वार्निशाची चकाकी म्हणजे जतन नव्हे. आणि जागा, थर, तारीख यांची नोंद त्याच ठिकाणी, त्याच वेळी करावी; घरी जाऊन करू म्हटलेली नोंद होत नसते.

हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे. नागपुरात मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी १८५०च्या दशकात नागपूर, कामठी आणि चांद्याच्या (म्हणजे चंद्रपूरच्या) बाजूच्या खडकांतून जीवाश्म गोळा केले. त्यांपैकी मांगली गावच्या उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये, आणि नागपूरच्या वनस्पतींचे बनबरी यांनी १८६१ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केले. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटजवळच्या पुराच्या ओढ्यात बुडून वारले, आणि त्याच वर्षी नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, उभे राहिले. वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या थरांबरोबर जो शेल येतो त्यात ग्लॉसोप्टेरिसची पंचवीस कोटी वर्षांहून जुनी पाने आहेत. दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तंबूपाशी १९१२ मध्ये जो ३५ पौंड दगड सापडला, त्यातली पाने याच ग्लॉसोप्टेरिसची होती. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या त्या माणसांनी तो भार टाकला नाही. आमच्याकडे हाच शेल खाणीतून निघणाऱ्या मातीच्या ढिगाऱ्यांवर ट्रकच्या ट्रक ओतला जातो आणि एकदोन पावसाळ्यांत त्याचा पुन्हा चिखल होतो. कोळसा हवा आहे, खाणी राहणार आहेत. त्यांच्यावर दोषारोप करण्याचा माझा हेतू नाही. पण त्या ढिगाऱ्यांवरून वेचून आणलेले पान सोडवून टिकवणारे हात आपल्याकडे पगारी म्हणून किती आहेत?

खाण मंत्रालयाने २०२२च्या डिसेंबरात भूवारसास्थळे व भूअवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा अधिकार कोणत्या खात्याकडे असावा यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला, आणि तो वाद आवश्यकही होता. परंतु अधिकार कोणाकडेही असो, फरशीपुढे बसणारा माणूस नसेल तर जप्त केलेला जीवाश्म आणि चोरीस गेलेला जीवाश्म यांची गत सारखीच होणार. आमच्या विद्यापीठांत भूशास्त्राचे प्राध्यापक आहेत, प्रयोगशाळा-सहायक आहेत, शिपाई आहेत. जीवाश्म सोडवणारा कारागीर या नावाचे मंजूर पद माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही, आणि जेथे एखादा परिचर हौसेने ते काम करतो तेथे त्याचे नाव शोधनिबंधात तर सोडाच, नमुन्याच्या चिठ्ठीवरही येत नाही.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. नागपूरच्या विद्यापीठाने वा अजब बंगल्याने एक खोली द्यावी, तीत एक चांगला सूक्ष्मदर्शक, सुया, पाती, राळ आणि दमटपणा मोजण्याचे यंत्र ठेवावे, आणि प्रशिक्षण देऊन एका कारागिराची कायम नेमणूक करावी. त्याची श्रेणी शिपायाची नसावी, आणि त्याने सोडवलेल्या प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर शोधकाच्या नावाखाली त्याचे नाव असावे. चंद्रपूर, वणी, उमरेड या बाजूच्या वाचकांना कधी दगडात पान वा हाड दिसले, तर परवानगीवाचून खाणीत शिरू नये, हातोडी घालू नये. जागेचे छायाचित्र काढून नागपुरातील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे.